दुपारी घरातच थांबा, पण कोणत्या घरात?

पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण मे संपायच्या आत वाचा.

दरवर्षी मार्चअखेर तालुक्यातल्या प्रत्येक पत्रकाराच्या मोबाईलवर एक प्रेस नोट येऊन पडते. उष्माघातापासून सावध राहा, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, दुपारी १२ ते ४ या वेळेत घराबाहेर पडू नका. आम्ही ती छापतो. त्यात चुकीचं काहीच नाही. शेतात, रोजगार हमीच्या कामावर, मोटारसायकलवर उन्हात फिरणाऱ्या माणसाला हे सांगायलाच हवं.

पण "घराबाहेर पडू नका" या तीन शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. बाहेरपेक्षा घर थंड असतं ही. आमच्या चिंचपाड्यात आणि आजूबाजूच्या पाड्यांवर ते खरं आहे का? मागच्या एप्रिलपासून मी हे मोजतोय. मोजायचं यंत्र हजार-बाराशे रुपयांचं आहे आणि ते मला पहिल्यांदा दिसलं कोंबड्यांच्या शेडमध्ये.

नवापूर तालुका पोल्ट्रीचा, हे बाहेरच्यांना २००६ च्या फेब्रुवारीत कळलं. देशातला पहिला बर्ड फ्लू इथेच सापडला होता. तेव्हा दिल्ली-मुंबईचे कॅमेरे नवापुरात येऊन गेले. धंदा बसला, परत उठला, २०२१ मध्ये पुन्हा तोच फटका बसला, पुन्हा उठला. असा धंदा करणारी माणसं तापमानाच्या बाबतीत फार काटेकोर असतात. एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३४ अंश ऊब लागते. कमी झाली की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात, जास्त झाली की चोच उघडी टाकून धापा टाकतात. म्हणून ओळखीच्या एका पोल्ट्रीवाल्याच्या खिशात कायम ती बंदूक असते. भुशावर रोखायची, घोडा दाबायचा, आकडा वाचायचा.

शेडचं छत दाखवायला त्याने तीच बंदूक वर रोखली. बाहेरून चुना मारलेल्या पत्र्याची खालची बाजू ४४ अंश होती. मग शेजारच्या मजुरांच्या खोलीत नेलं. तिथला पत्रा बिनचुन्याचा. ५९. तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, कोंबडी मेली तर माझं नुकसान होतं ना."

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्या खोलीलाही त्याने पुढच्याच आठवड्यात चुना मारून घेतला. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आता या यंत्राबद्दल थोडं, कारण लोक विचारतात, "कोरोनात कपाळावर धरायचे तेच ना?" २०२० च्या "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत आरोग्याची टीम दारोदारी जी गन घेऊन फिरत होती, तिची ही बहीण म्हणा. तत्त्व एकच. प्रत्येक वस्तू तापली की डोळ्यांना न दिसणारे किरण सोडते. ते किरण मोजून यंत्र अंदाज बांधतं की वस्तू किती गरम असेल. फक्त कपाळावरची गन माणसाच्या तापापुरती असते, ४२-४३ च्या पुढे ती हात वर करते. वर्कशॉपवाले, पोल्ट्रीवाले वापरतात ती तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत जाते.

वापरताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि त्या मला पोल्ट्रीवाल्यानेच शिकवल्या. ही गन हवेचं तापमान सांगत नाही. समोरच्या पृष्ठभागाचं सांगते. हवेसाठी भिंतीवर साधा थर्मामीटर लावावा लागतो, तो शंभर-दीडशेत मिळतो. दुसरी गोष्ट, लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी. मोजमाप त्या ठिपक्याचं होत नाही, भोवतालच्या गोलाचं होतं. बहुतेक गनवर "१२:१" लिहिलेलं असतं, म्हणजे बारा फुटांवरून नेम धरला तर एक फुटाच्या गोलाची सरासरी येते. तेव्हा जवळ जाऊन मोजा, आणि तो ठिपका कुणाच्या डोळ्यात मारू नका, पोरं नेमकं तेच करतात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नवा चकचकीत पत्रा गनला फसवतो. तो स्वतःचे किरण कमी सोडतो आणि समोरच्याचे परावर्तित करतो, म्हणून आकडा खराखुरा नसतो, बराच कमी येतो. उपाय सोपा. वायरमनची काळी चिकटपट्टी पत्र्यावर चिकटवायची, पाच मिनिटं थांबायचं आणि पट्टीवर नेम धरायचा. रंगीत पत्रा, गंजलेला पत्रा, चुलीची काजळी धरलेला पत्रा यांना पट्टी लागत नाही.

एवढं झाल्यावर मी स्वतःची गन मागवली आणि फिरायला लागलो.

एप्रिलचा तिसरा आठवडा, दुपारचे तीन. आंब्याच्या सावलीत टांगलेला थर्मामीटर ४१ दाखवत होता. आमच्या भागात एक जुनं घर अजून उभं आहे. सागाचे खांब, बांबूच्या कुडाला आतून-बाहेरून शेणमातीचा लेप, वर नळीची कौलं. कौलाची खालची बाजू ४७. भिंत आतून ३५. सारवलेली जमीन ३२. आतली हवा ३७. तिथून पन्नास पावलांवर त्याच कुटुंबाचं घरकुल. विटांच्या भिंती, निळा रंगीत पत्रा. पत्र्याची खालची बाजू ६१. भिंत ४१. कोब्याची जमीन ३९. आतली हवा ४३.

आंब्याखाली ४१ आणि घरात ४३. प्रेस नोट त्या घरातल्या माणसाला सांगते, बाहेर पडू नका.

हवेचा आकडा तर अर्धीच गोष्ट सांगतो. शेकोटीपाशी बसलं की हवा थंड असूनही तोंड भाजतं, कारण उष्णता किरणांनी येते. पत्र्याखाली तीच शेकोटी डोक्यावर असते. मी ढोबळ हिशेब केला. ६० अंशांचं छत ३५ अंशांच्या छताच्या तुलनेत दर चौरस मीटरला साधारण पावणेदोनशे वॉट जास्त उष्णता खाली फेकतं. घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. म्हणजे दोन-दोन हजार वॉटचे दोन गीझर छतावरून माणसांवर रोखल्यासारखं झालं. पंखा लावला तरी तो तीच ४३ अंशांची हवा अंगावर ढकलतो. कूलर लावा म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात डोक्यावरून हंडा आणून दाखवावा, मग कूलरच्या टाकीत ओतावा.

त्या घरकुलात एक बाळंतीण होती. बाळ नऊ दिवसांचं. पावणेबाराला गेलो तेव्हा ती आतल्या खाटेवर होती, कारण नऊ दिवसांच्या बाळाला बाहेर ऊन-वारा लागतो असं सगळे म्हणतात. गोधडीच्या वरच्या थरावर गन रोखली तर ४०. तोपर्यंत पत्रा ५५ ला पोचला होता. मी आकडा वाचला तेव्हा बाजूला बसलेली आजी म्हणाली, "मशीन कशाला पाहिजे दादा? माझ्या टाळूला कळतं." तिनेच मग खाट उचलायला लावली. बाळ आणि आई जुन्या घरात गेली. सारवलेल्या जमिनीवर गोधडी टाकली, दारात ओलं लुगडं टांगलं. अर्ध्या तासात बाळाचं रडणं थांबलं. आता त्याला दूध मिळालं म्हणून थांबलं की गार वाटलं म्हणून, हे मी ठरवणार नाही. पण ते जुनं घर पाडलेलं असतं तर खाट कुठे नेली असती, हा प्रश्न मी त्या दिवसापासून बऱ्याच जणांना विचारलाय.

गावोगावी फिरून बघा. घरकुलात मका, खताच्या गोण्या आणि मोटारसायकल. माणसं शेजारच्या कुडाच्या घरात नाहीतर झाडाखाली. साहेब लोक म्हणतात, "यांना पक्कं घर देऊनही राहता येत नाही." राहता येतं साहेब. दुपारी तीनला एकदा आत येऊन बसा.

यात घरकुल योजनेला शिव्या घालायच्या नाहीत. पावसाळ्यात कूड भिजतो, वाळवी लागते, कौलं माकडं फोडतात, दर दोन वर्षांनी कौलं फेरायला माणूस मिळत नाही. पक्की भिंत हवीच. अडचण पैशांच्या क्रमाची आहे. पीएम आवास ग्रामीणचं मूळ अनुदान सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार. हप्ते पाया, भिंत, छत अशा टप्प्यांनी सुटतात, फोटो अपलोड झाल्यावर. छत सगळ्यात शेवटी येतं, आणि तोपर्यंत वाळू-सिमेंटने खिसा रिकामा केलेला असतो. मग सर्वांत स्वस्त, सर्वांत पातळ पत्रा चढतो. बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेली कुटुंबं नेमकी कडक उन्हाळ्यात परत येतात आणि त्या पत्र्याखाली शिरतात. घर "पूर्ण" झाल्याची नोंद झालेली असते. छत किती तापतं, हा रकाना कोणत्याही फॉर्ममध्ये नाही.

स्लॅबवाल्यांनी खूश होऊ नये. मी स्वतः स्लॅबच्या घरात राहतो. दुपारी तीनला स्लॅबची खालची बाजू ४० होती, पत्र्याच्या मानाने थंडच. पण रात्री आठला ४४. अकराला ४१. पहाटे पाचला बाहेरची हवा २६ वर उतरली तरी स्लॅब ३४ वरच. दिवसभर प्यायलेलं ऊन तो रात्रभर आमच्यावर ओकत होता. उलट पत्रा संध्याकाळी सातलाच ३६ वर आला आणि रात्री दहाला बाहेरच्या हवेपेक्षाही गार झाला. पातळ असल्यामुळे त्याच्यात साठवण नाही, आणि मोकळ्या आकाशाकडे तो उष्णता भराभर टाकून देतो. (निरभ्र रात्री गन सरळ आकाशाकडे रोखून बघा. आकडा शून्याच्या खाली जातो, नाहीतर गन हार मानते. ढग असले की आकडा चढतो. आभाळ भरलेल्या रात्री जास्त का उकडतं ते मला तेव्हा नीट कळलं.)

थंड देशांत हीच गन घेऊन लोक घरातली ऊब कुठून गळते ते शोधतात. खिडकीची फट, दाराची चौकट, न भरलेली भिंत. सापडली की बुजवतात. आपल्याकडे वर्षातले चार महिने प्रश्न उलटा. उष्णता आत येते कुठून, आणि रात्री बाहेर का जात नाही? पण हिवाळ्यात आपलंही त्यांच्यासारखंच होतं. डिसेंबरमध्ये पहाटे साडेपाचला त्याच घरकुलात गेलो. बाहेर ११ अंश, पत्र्याची खालची बाजू ८. झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ पत्र्याला लागून थेंब होत होती आणि थेंब गोधडीवर टपकत होते. न पडलेल्या पावसात घर गळत होतं. आजी, बाळ आणि सून तेव्हाही जुन्या घरात, चुलीजवळ. म्हणजे उन्हाळ्यात ६१ आणि हिवाळ्यात ८. भिंती पक्क्या, पण छत म्हणजे नुसता एक पापुद्रा.

करता काय येतं? मी इंजिनीअर नाही, मोजून जे दिसलं ते सांगतो.

एका घरात जुन्या गंजलेल्या पत्र्याच्या अर्ध्या भागाला चुना मारला. कळीचा चुना रात्रभर भिजवला, गाळला, त्यात थोडा फेव्हिकॉल घातला आणि दोन हात दिले. पत्रा घासून धुवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी बिनचुन्याची बाजू ६०, चुन्याची ४६. एकाच छताखाली दोन पावलं इकडे-तिकडे झालं की फरक डोक्याला कळत होता. पोरं उड्या मारून "इथे गरम, इथे थंड" खेळत होती. चुना पावसात धुऊन जातो हे खरं. पण जूनमध्ये गेला तरी त्याचं काम झालेलं असतं. पुढच्या मार्चमध्ये परत. उन्हासाठीचा खास पांढरा रंग जास्त टिकतो, पण महाग आहे. रंगीत गुळगुळीत पत्र्यावर चुना लवकर पोपडे धरतो, तिथे पुढचा उपाय बरा.

तो म्हणजे पत्र्याखाली हात-दीड हात सोडून दुसरं काहीतरी ताणायचं. बांबूची ताटी, जुन्या गोण्या शिवून केलेलं छत, नाहीतर साड्या. गोण्यांच्या छताची खालची बाजू ४४ आली, वर पत्रा ५९ असताना. शेकोटी आणि माणूस यांच्यामध्ये पडदा आला, एवढंच. जुन्या घरातला माळा हेच काम करायचा. एक खबरदारी, चूल त्याच खोलीत असेल तर हा उपाय करू नका, आग लागेल. आणि गरम हवा निघून जायला भिंत आणि पत्रा यांच्यातली वरची फट बुजवू नका. उंदीर-पाखरांसाठी जाळी ठोका, पण कोंबून बंद करू नका. पोल्ट्रीवाले भाताचा पेंढा टाकून वर तुषार सोडतात, तेही चालतं, पण त्याला बोअर लागते.

हे शोध माझे नाहीत. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेने माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे झोपडपट्टीतली छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे खारघरच्या मैदानात उन्हाने माणसं गेली आणि राज्यभर चर्चा झाली, ती मंडपाची, कार्यक्रमाच्या वेळेची. व्हायलाच हवी होती. घरातल्या छताचं मात्र कुणी बोललं नाही. मैदानातला मृत्यू सगळ्यांना दिसतो. पत्र्याखाली खाटेवर म्हातारं माणूस गेलं तर "वय झालं होतं" म्हणतात आणि तेच नोंदीत जातं.

बातमीतला "पारा ४३ वर" हा आकडाही कुठला, ते लक्षात घ्या. जमिनीपासून साधारण चार फुटांवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेल्या थर्मामीटरचा तो आकडा. हवामान खात्याचं बरोबर आहे, जगभर असंच मोजतात. पण त्या पेटीला सावली आहे, झडपा आहेत, पांढरा रंग आहे. या तीन गोष्टी आपल्या बऱ्याच घरांना नाहीत.

मग १ मेच्या ग्रामसभेत एका गावात (नाव लिहीत नाही) मी हा विषय काढला. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसाचा ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो आणि तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते. त्यात आरोग्य आणि शिक्षण बसतं, पायाभूत सुविधाही बसतात. मी म्हटलं, अंगणवाडी, शाळा आणि ज्या घरात बाळंतीण किंवा सत्तरीच्या पुढचं माणूस आहे अशी पत्र्याची घरं, एवढ्यांना मार्चमध्ये चुना मारून द्या. ग्रामसेवक म्हणाले, "याला हेड नाही." एक जण म्हणाला, गटारीचं काम आधी करा. तोही चुकीचा नव्हता. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. गन मागितली, सभा चालू होती त्या समाजमंदिराच्या पत्र्यावर रोखली आणि आकडा मोठ्याने वाचला. अठ्ठावन्न. सकाळचे साडेअकरा झाले होते. सगळ्यांनी वर बघितलं. ठराव झाला, अंगणवाडीपुरता.

घरांसाठीचा ठराव अजून बाकी आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडला तर पुढच्या मार्चपर्यंत खरेदी होऊ शकते. मेमध्ये मांडला तर तोवर पाऊस येतो. ज्यांच्या गावात पेसाचा निधी येतो त्यांनी तारीख लक्षात ठेवा. घरकुलाच्या यादीत ज्यांचं नाव आहे त्यांनी जुनं घर पाडण्याआधी एक उन्हाळा थांबता येतं का बघा, निदान त्याची कौलं आणि ताट्या विकू नका. नव्या छताखाली माळा म्हणून त्याच कामाला येतील.

गन माझ्याकडे आहे. चिंचपाडा, विसरवाडी, नवापूर या पट्ट्यातल्या कुणालाही दोन दिवस नेता येईल, फक्त काळ्या चिकटपट्टीचा गुंडाळा सोबत परत आणा. आतले बारीक पेन्सिल सेल उतरत आलेत, तेवढे आपापले टाका. आणि मोजलेले आकडे कमेंटमध्ये लिहा. छत कशाचं, वेळ कोणती, सावलीतली हवा किती, एवढं सोबत हवं. नुसतं "लई गरम" लिहू नका, ते आजीच्या टाळूला आधीच माहीत आहे.